सेकंड शिफ्ट, नाइट आणि ओटी: एक्सेलमध्ये तासांचा हिशेब कसा मांडायचा

कारखान्याची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात नव्याने लागलेल्या माणसाच्या हाती पंचिंग मशीनची फाइल येते आणि वरून ‘ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा कामाचे तास) काढून ठेव’ एवढंच सांगितलं जातं. बेरीज-वजाबाकी तर आहे, असं वाटतं. सकाळी साडेआठला आत आणि साडेपाचला बाहेर, इथपर्यंत ते खरंही आहे. पण दुपारी साडेतीनच्या पाळीचा कामगार रात्री पावणेदोनला गेटबाहेर पडला, की एक्सेल उत्तराऐवजी ##### दाखवतं. मग कुणी कॅल्क्युलेटर काढतं, कुणी बोटांवर मोजतं, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी खिडकीशी रांग लागते.

हा लेख त्या खिडकीच्या आतल्या माणसासाठी आहे, आणि आपला ओटी बरोबर लागला का हे घरी ताडून पाहणाऱ्या कामगारासाठीही. एक्सेल आणि गुगल शीट्स, दोन्हीत हे चालतं.

सुरुवातीला एक सूचना. खालचे फॉर्म्युले वाचायला सोपे जावेत म्हणून मराठी अक्षरांत दिले आहेत. शीटमध्ये टाइप करताना कॉलमची अक्षरं, फंक्शनची नावं आणि आकडे इंग्रजीच हवेत. सहाच फंक्शनं नेहमी लागतात. त्यांची स्पेलिंगं अशी: इफ म्हणजे आय-एफ, काउंट म्हणजे सी-ओ-यू-एन-टी, मॅक्स म्हणजे एम-ए-एक्स, मिन म्हणजे एम-आय-एन, राउंड म्हणजे आर-ओ-यू-एन-डी, सम म्हणजे एस-यू-एम.

१. आधी हे कागद गोळा करा

- पंचिंग मशीनचा महिन्याचा रिपोर्ट, किंवा हाताने भरलेलं मस्टर.
- शिफ्टचा तक्ता. कोण कोणत्या आठवड्यात फर्स्टला, कोण सेकंडला, कोण थर्डला. मध्येच झालेल्या बदल्यांसकट.
- साप्ताहिक सुटी, सणाच्या सुट्या आणि रजा यांची यादी.
- सुपरवायझरची सही असलेल्या ओटी स्लिपा.
- नेमणूकपत्र किंवा युनियनशी झालेला वेतनकरार. सेकंड शिफ्ट आणि नाइटचा भत्ता किती, आणि कोणत्या वेळेपासून, हे त्यात सापडतं.

शेवटचा कागद बहुतेक जण मागतच नाहीत. जादा कामाचा दुप्पट दर कायद्यात आहे. ‘संध्याकाळ’ कधी सुरू होते, हे मात्र बहुतेक ठिकाणी करार किंवा कंपनीचा नियम ठरवतो. कुठे सहापासून रात्री दहापर्यंत तासावारी भत्ता असतो, तर कुठे सेकंड शिफ्टला आलात की दिवसाला ठरलेली रक्कम मिळते आणि तास मोजावे लागतच नाहीत. तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल तर संध्याकाळचा फॉर्म्युला सोडून द्या आणि पुढे जा.

२. एक्सेल वेळ कशी मोजतं, तेवढं समजून घ्या

एक्सेलच्या लेखी एक पूर्ण दिवस म्हणजे १. दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. सेलमध्ये ६:०० दिसत असलं तरी आत ०.२५ साठवलेलं असतं. पुढचे सगळे गोंधळ इथूनच निघतात.

वजाबाकी उणे का येते, ते लगेच कळेल. रात्रीचे पावणेदोन म्हणजे दिवसाचा अगदी लहान तुकडा, दुपारचे साडेतीन म्हणजे मोठा. लहानातून मोठा वजा केला की उत्तर उणे येतं, आणि उणे वेळ एक्सेलला दाखवता येत नाही. उपाय सोपा आहे: बाहेर पडायची वेळ आत यायच्या वेळेपेक्षा लहान दिसली की तिच्यात १, म्हणजे एक दिवस, मिळवायचा. मग पावणेदोनचे २५:४५ होतात आणि हिशेब सरळ चालतो.

दुसरी गोष्ट फॉरमॅटची. साधा वेळेचा फॉरमॅट चोवीस तास झाले की पुन्हा शून्यावरून मोजतो. महिन्याचे २०८ तास भरले तर शीटवर १६:०० दिसतात, कारण २०८ मधून आठ दिवसांचे १९२ गेले. आठवड्याच्या बेरजेत हा फॉरमॅट जास्त घातक आहे. ४८ तास म्हणजे नेमके दोन दिवस. त्यामुळे ५१ तासांची बेरीज साध्या फॉरमॅटमध्ये ३:०० दिसते. बघणाऱ्याला वाटतं ओटी निघाला, आणि त्या आठवड्यापुरतं ते जुळतंही! पुढच्या आठवड्यात कामगार ४६ तास भरतो, शीट २२:०० दाखवतं, आणि मग शोधाशोध सुरू होते.

म्हणून तासांच्या सगळ्या कॉलमना कस्टम फॉरमॅट द्या: चौकटी कंसात इंग्रजी एच, मग कोलन (:), मग दोन एम. गुगल शीट्समध्ये फॉरमॅटच्या यादीतला ‘ड्युरेशन’ निवडला तरी चालतं.

३. नियम एका कोपऱ्यात लिहा, फॉर्म्युल्यात नको

माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा हा. फॉर्म्युल्याच्या पोटात ९ किंवा ४८ किंवा २ कधीही लिहू नका. उजवीकडे एल कॉलममध्ये नाव आणि एम कॉलममध्ये आकडा, असा छोटा तक्ता करा:

एम१: संध्याकाळ सुरू, १८:००
एम२: संध्याकाळ संपून रात्र सुरू, २२:००
एम३: रात्र संपते, ३०:००
एम४: दिवसाची मर्यादा, ९:००
एम५: आठवड्याची मर्यादा, ४८:००
एम६: ओटीचा गुणक, २
एम७: तासाचा दर, रुपयांत

एम३ मधले ३०:०० म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा. २४ अधिक ६. असंच टाइप करा, एक्सेल ते घेतं.

हा खटाटोप कशासाठी, तर नियम बदलतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ नुसार दिवसात नऊ किंवा आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम झालं की जादा वेळेला साधारण दराच्या दुप्पट मजुरी मिळत असे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही मूळ आकडे नऊ, अठ्ठेचाळीस आणि दुप्पट हेच. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, आणि कामाच्या तासांबद्दलच्या संहितेत दिवसाची मर्यादा आठ तासांची आहे. दुप्पट दर तिथेही कायम आहे. तेव्हा एम४ मध्ये नऊ लिहायचे की आठ, हे तुमच्या आस्थापनेला आज काय लागू आहे ते एचआरकडून लेखी घेऊन ठरवा. नियम बदलला तर एकच सेल बदलायचा. फॉर्म्युल्यात आकडे कोंबलेले असतील, तर दोनशे कामगारांच्या बारा शीटमध्ये ते शोधत बसावं लागतं.

४. कॉलम मांडा

ए: तारीख
बी: आत
सी: बाहेर
डी: जेवणाची सुटी, उदाहरणार्थ ०:३०
ई: हिशेबाची बाहेरची वेळ
एफ: कामाचे तास
जी: संध्याकाळचे तास
एच: रात्रीचे तास
आय: त्या दिवसाचा ओटी

पहिल्या ओळीत मथळे, दुसरीपासून माहिती. ओळी रविवारपासून शनिवारपर्यंत लावा. १९४८ च्या कारखाने कायद्यात आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होत असे, सोमवारी नाही. मुख्य निरीक्षकांनी दुसरी रात्र मंजूर केली असेल तरच तो बदलत असे.

रात्रीच्या पाळीची तारीख कोणती धरायची, यावर वाद होतात. जुन्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये याचं उत्तर आहे: पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. आपल्या शीटमध्ये एक पाळी म्हणजे एक ओळ, आणि तारीख आत आल्याची. मशीनच्या रिपोर्टमध्ये मात्र बाहेरचं पंचिंग पुढच्या तारखेखाली पडलेलं असतं. ते उचलून वरच्या ओळीत आणावं लागतं.

५. पंचिंगची माहिती आधी धुऊन घ्या

याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि लागू द्यावा.

पहिली भानगड टिंबाची. आपल्याकडे वेळ लिहायची सवय ८.३० अशी, आणि कीबोर्डच्या उजव्या बाजूला टिंब हाताशीच असतं. पण एक्सेल ८.३० ला साडेआठ समजत नाही, आठ पूर्णांक तीन दशांश दिवस समजतं. सेलला आधीच वेळेचा फॉरमॅट दिलेला असेल तर तिथे ७:१२ दिसतं, कारण ०.३ दिवस म्हणजे सात तास बारा मिनिटं. १७.४५ लिहिलं तर १०:४८ दिसतं. दोन्ही वेळा खऱ्या वाटतात, म्हणून पटकन लक्षात येत नाहीत. पंचिंगच्या यादीत कुणी रोज सात वाजून बारा मिनिटांनीच येताना दिसला, तर तो वक्तशीर नाही, टाइप करणाऱ्याने टिंब दिलं आहे!

पकडायची युक्ती: बी आणि सी कॉलमवर कंडिशनल फॉरमॅटिंग लावा, आकडा १ किंवा त्याहून मोठा असेल तर सेल लाल. खरी वेळ नेहमी १ पेक्षा लहान असते. लाल सेल थोडे असतील तर हाताने दुरुस्त करा. सगळी फाइलच तशी आली असेल तर बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये हे लिहा:

=इंट(बी२)/२४+मॉड(बी२,१)*१००/१४४०

इंट म्हणजे आय-एन-टी, मॉड म्हणजे एम-ओ-डी. टिंबाआधीचा आकडा तास म्हणून, नंतरचा मिनिटं म्हणून वाचला जातो. १४४० ही एका दिवसाची मिनिटं. उत्तर कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त व्हॅल्यू बी कॉलममध्ये टाका.

दुसरी भानगड: मशीनच्या फाइलमधल्या वेळा कधी कधी मजकूर म्हणून येतात. दिसायला ०८:३०, पण सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या. खरी वेळ उजव्या कडेला असते. एका रिकाम्या सेलमध्ये १ लिहा, तो कॉपी करा, त्या सगळ्या वेळा निवडून पेस्ट स्पेशलमधून ‘मल्टिप्लाय’ करा आणि पुन्हा वेळेचा फॉरमॅट द्या.

तिसरी, लवकर केलेलं पंचिंग. बस पावणेसातला गेटवर आली म्हणून कामगाराने ६:४८ ला कार्ड लावलं, पाळी मात्र सातची. ती बारा मिनिटं काम धरायची की नाही, हे शिफ्टचा तक्ता आणि ओटी स्लिप पाहून ठरवा. पंधरा मिनिटांच्या पटीत गोल करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. करायचं तर आत आणि बाहेर दोन्हीकडे सारख्याच न्यायाने करा. प्रत्येक वेळी खालीच गोल केलं तर महिनाभरात कामगाराचे तास गळतात, आणि हे त्याच्या लक्षात येतंच.

६. मुख्य फॉर्म्युले

ई२ मध्ये:

=इफ(काउंट(बी२:सी२)<२,"",सी२+(सी२<बी२))

बी आणि सी दोन्हीत खरे आकडे असतील तरच पुढे जायचं, नाहीतर सेल रिकामा. ही अट गाळू नका. कुणी बाहेर पडताना पंच करायला विसरला, तर रिकामा सेल एक्सेल शून्य धरतं, शून्य म्हणजे मध्यरात्र, आणि साडेपाचला घरी गेलेल्या माणसाचा साडेसहा तास जादा हिशेब लागतो. दुसऱ्या कंसातली तुलना खरी ठरली तर १ मिळवला जातो, खोटी ठरली तर शून्य.

एफ२ मध्ये:

=इफ(ई२="","",राउंड((ई२-बी२-डी२)*१४४०,०)/१४४०)

राउंड कशाला? वेळ अपूर्णांकात साठवली जात असल्याने नऊ तासांच्या जागी कधी केसभर जास्त, कधी केसभर कमी आकडा येतो. दिसताना ९:०० च दिसतं, पण मर्यादेशी तुलना करताना फसवतो. मिनिटांत आणून गोल केलं की प्रश्न मिटला. मशीनने दिलेले सेकंदही इथेच जातात.

जी२, संध्याकाळ:

=इफ(ई२="","",मॅक्स(०,मिन(ई२,$एम$२)-मॅक्स(बी२,$एम$१)))

हा वाचायची पद्धत अशी: दोन शेवटांपैकी आधीचा घ्या, दोन सुरुवातींपैकी नंतरची घ्या, वजा करा. उत्तर उणे आलं तर दोघांची गाठच पडत नाही, म्हणून शून्य. डॉलरची चिन्हं विसरू नका. ती नसतील तर फॉर्म्युला खाली ओढताना एम१ चं एम२, एम३ होत जातं. सेलचं नाव टाइप करून एफ-फोर दाबलं की ती लागतात.

एच२, रात्र:

=इफ(ई२="","",मॅक्स(०,मिन(ई२,$एम$३)-मॅक्स(बी२,$एम$२))+मॅक्स(०,मिन(ई२,$एम$३-१)-बी२))

याचे दोन भाग आहेत. पहिला रात्री दहा ते दुसऱ्या दिवशी सहा. दुसरा त्याच दिवशीच्या पहाटेसाठी: थर्डला रात्री बारा वाजता आलेला, किंवा पहाटे पाचला बॉयलर पेटवायला आलेला माणूस. दुसरा भाग नसेल तर या लोकांची रात्र हिशेबात येतच नाही.

आय२, रोजचा ओटी:

=इफ(एफ२="","",मॅक्स(०,एफ२-$एम$४))

आता एक ओळ हाताने तपासा. आत १५:३०, बाहेर १:४५, सुटी ०:३०. हिशेबाची बाहेरची वेळ २५:४५. कामाचे तास ९:४५. संध्याकाळ ४:००, रात्र ३:४५, आणि नऊची मर्यादा धरली तर ओटी ०:४५. साडेतीन ते सहाचे अडीच तास मिळवले तर बेरीज १०:१५ येते, कामाच्या तासांपेक्षा अर्ध्या तासाने जास्त. तो अर्धा तास जेवणाचा. सेकंड शिफ्टची जेवणाची सुटी आठ-साडेआठच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळच्या पट्ट्यात पडते. भत्ता तासावारी असेल आणि सुटी बिनपगारी असेल, तर जी मधून डी२ वजा करा. नाइटला ती एच मधून जाईल.

७. आठवड्याचा ओटी: दोनदा मोजू नका

आठवी ओळ संपल्यावर एफ९ मध्ये:

=सम(एफ२:एफ८)

आणि आय९ मध्ये:

=मॅक्स(सम(आय२:आय८),एफ९-$एम$५)

इथे नवशिके हमखास रोजचा ओटी आणि आठवड्याचा ओटी यांची बेरीज करतात. उदाहरण घ्या: पाच दिवस आठ-आठ तास आणि एक दिवस अकरा तास, एकूण ५१. रोजच्या हिशेबाने ओटी २ तास, आठवड्याच्या हिशेबाने ३. बेरीज करून ५ दिले तर तेच दोन तास दोनदा दिले. मोठा आकडा घ्या, ३. उलट बाजूही पाहा: तीन दिवस दहा-दहा, दोन दिवस आठ-आठ आणि एक दिवस रजा, एकूण ४६. आठवडा भरलाच नाही, पण रोजचे ३ तास कायम आहेत. ‘आठवड्यात ४८ झाले नाहीत, म्हणजे ओटी नाही’ हे उत्तर खिडकीवरून दिलं जातं, आणि ते चूक आहे.

महिना बुधवारी सुरू झाला तर पहिला आठवडा अर्धा दिसतो. आधीच्या महिन्याचे रविवार ते मंगळवार वरच्या ओळींत आणा, त्याशिवाय ४८ चा हिशेब लागणार नाही. साप्ताहिक सुटीला बोलावलं असेल तर त्याचा बदली सुटीशीही संबंध येतो, म्हणून त्या ओळीला वेगळा रंग द्या आणि एचआरला विचारल्याशिवाय पुढे ढकलू नका.

८. तासांचे रुपये करताना २४ ने गुणा

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १८,७२० रुपये. २६ दिवस आणि ८ तास धरले तर तासाला ९० रुपये. दुप्पट दराने १८०. तीन तास ओटीचे ५४० व्हायला हवेत. पण ३:०० ला थेट १८० ने गुणलं तर २२ रुपये ५० पैसे येतात, कारण आत साठवलेला आकडा ०.१२५ आहे. योग्य फॉर्म्युला:

=आय९*२४*$एम$७*$एम$६

या सेलला वेळेचा नाही, साध्या आकड्याचा फॉरमॅट द्या. दर काढताना फक्त बेसिक धरू नका. जुन्या कायद्याच्या कलम ५९ मध्ये साधारण दरात भत्तेही येत, बोनस आणि खुद्द ओटीची रक्कम मात्र येत नसे. ‘बेसिकच्या दुप्पट’ असं तोंडी सांगितलं गेलं तर लेखी मागा.

९. खऱ्या फाइलला लावण्याआधी पाच ओळी

रिकाम्या शीटमध्ये या वेळा भरा. पहिल्या चारांना सुटी ०:३०, मर्यादा नऊ तास.

- ८:३० ते १७:३०: काम ८:३०, बाकी सगळं शून्य.
- १५:३० ते १:४५: काम ९:४५, संध्याकाळ ४:००, रात्र ३:४५, ओटी ०:४५.
- ५:०० ते १४:००: काम ८:३०, रात्र १:००, ओटी शून्य.
- २२:०० ते ८:००: काम ९:३०, संध्याकाळ शून्य, रात्र ८:००, ओटी ०:३०.
- ८:३० ते रिकामं: ई पासून आय पर्यंत सगळं रिकामं.

एकही उत्तर वेगळं आलं तर आधी कंस आणि डॉलर तपासा, मग फॉरमॅट. चोवीस तासांहून लांब थांबलेल्या माणसाला ही मांडणी चालणार नाही. त्याच्यासाठी बी आणि सी मध्ये तारखेसह वेळ लागेल. तसा प्रसंग आला तर फॉर्म्युल्याआधी सुपरवायझरला गाठा.

१०. महिना बंद करताना

फॉर्म्युल्यांचे कॉलम लॉक करून शीट प्रोटेक्ट करा, बी ते डी तेवढे उघडे ठेवा. हिशेब पक्का झाला की व्हॅल्यू म्हणून वेगळी प्रत काढा. पुढे एम७ मधला दर वाढला तर जुन्या महिन्यांचे रुपये बदलता कामा नयेत. तिमाहीचा एकूण ओटी दाखवणारी एक ओळही ठेवा, कारण त्यालाही कमाल मर्यादा असते. मूळ २०१७ च्या कायद्यात ती तीन महिन्यांना १२५ तास होती. आणि पगाराच्या तीन-चार दिवस आधी एफ ते आय कॉलमची प्रिंट डिपार्टमेंटच्या बोर्डवर लावा. ज्याला विसरलेलं पंचिंग दुरुस्त करायचं आहे, तो स्लिप घेऊन आधीच येतो.